एक मिलिमीटरची मोईना आणि काचेची फट: भुसावळच्या प्रकल्प नोंदी

२६ जानेवारी

सुट्टी होती म्हणून आज सुरुवात केली. बेट्टा, म्हणजे फायटर माशांची पिल्लं वाढवतोय त्याला आता तीन वर्षं झाली, त्यांच्यासाठी गच्चीवर दोन टबांत मोईना (मिलिमीटरभराच्या पाणपिसवा) असतात, खाली किचनच्या फळीवर व्हिनेगर ईलची बाटली आणि मायक्रोवर्मचा डबा, हे दोन्ही बारीक कृमी. रोज सकाळी चहाच्या गाळणीने मोईना काढायच्या, पिल्लांना टाकायच्या, संपलं. परवा पुतणीने विचारलं, काका यांना डोळे असतात का? असतो, एकच असतो आणि तो सतत थरथरत असतो, पण मला तो तिला दाखवता आला नाही. मोबाईलला क्लिपवाली लेन्स लावून पाहिली, उड्या मारणारा पांढरा ठिपका आला.

तर ठरवलंय ते असं, जिवंत मोईनाचा बाजूने घेतलेला फोटो, ज्यात डोळा, आतडं आणि पाठीवरच्या पिशवीतली पिल्लं वेगवेगळी ओळखू येतील. फॉर्मॅलिनमध्ये मारून नाही, आणि फोटो झाला की ती परत टबात गेली पाहिजे.

डॅफ्निया, म्हणजे मोईनाची मोठी बहीण, का नाही असं कोणी विचारेल म्हणून सांगतो. मोठी डॅफ्निया मॅग्ना ५ मिलिमीटरपर्यंत जाते, फोटोला सोपी, पण तिला २० अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. आपल्याकडे मार्चमध्येच पाणी त्याच्या पुढे जातं. मोईना उन्हाळा सोसते, म्हणून खान्देशात मोईनाच.

३१ जानेवारी

कॅमेरा जुनाच, निकॉन डी ३२०० आणि त्याची १८-५५ लेन्स. मॅक्रो लेन्सचा भाव पाहून सोडून दिलं. रिव्हर्स रिंग मागवली, २८० रुपये, म्हणजे लेन्स उलटी करून लावायची. १८ वर ठेवून स्टीलच्या पट्टीचा फोटो काढला तर पट्टीचे जेमतेम ७ मिलिमीटर फ्रेममध्ये मावले. सेन्सर साधारण २३ मिलिमीटरचा, म्हणजे तीन पटीपेक्षा जास्त मोठं दिसून राहिलं. एवढं पुरतं.

दोन ठिकाणी अडकलो. लेन्स उलटी लावली की कॅमेऱ्याला लेन्सच दिसत नाही, मोड एम (मॅन्युअल) वर टाकला नाही तर बटणच दबत नाही. यात अर्धा तास गेला. दुसरं म्हणजे या लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, लेन्स कॅमेऱ्यावरून काढल्यावर, आपोआप पूर्ण मिटतं, फ्रेम काळीकुट्ट. मागे एक छोटी लिव्हर आहे, ती ढकलून तिथे कागदाची घडी खोचायची. घडी जाड केली की छिद्र उघडतं, पातळ केली की मिटतं. पूर्ण उघडं ठेवलं तर डोळ्यावर फोकस आणि बाकी सगळं गायब, जास्त मिटवलं तर सगळंच पिठूळ. मधली एक घडी सापडली, तिच्यावर पेनने खूण करून ठेवली.

४ फेब्रुवारी

काचेच्या बरणीत मोईना सोडून २१२ फोटो काढले. एकही कामाचा नाही.

कारण कॅमेरा नाही, बरणी आहे. तीन पटीवर फोकसमध्ये येणारी जागा म्हणजे कागदाच्या दोन-चार पानांएवढी जाड, आणि बरणी सहा इंच. मोईना त्या जागेत आली आणि त्याच क्षणी माझं बोट बटणावर पडलं तर फोटो. ते दिवसभर बसूनही होणार नाही. काचेचं अरुंद भांडं बनवावं लागेल.

८ फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या दुकानातून स्लाइडचा डबा आणला, ५० नग, १३० रुपये. सिलिकॉनची ट्यूब १८०. दोन स्लाइड समोरासमोर, मध्ये तीन बाजूंनी स्लाइडच्याच कापलेल्या पट्ट्या, वरून उघडं. पट्ट्या एकावर एक तीन ठेवल्या म्हणजे आतली फट साधारण ४ मिलिमीटर. काच कापायला आपल्या चौकातल्या फ्रेमवाल्याकडे गेलो, त्याने पैसेच घेतले नाहीत, पण चार स्लाइड फुटल्या.

सकाळी चिकटवलं आणि संध्याकाळी पाणी भरून बारा मोईना सोडल्या. वीस मिनिटांत सगळ्या तळाला. पाण्याचा वास घेतला तर व्हिनेगर. हे स्वस्त सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, मोठ्या टाकीत ते कळत नाही पण इथे पाणी किती, तर दोन चमचे. मत्स्यटाक्या मी स्वतः चिकटवल्या आहेत, हे मला माहीत होतं, तरी घाई केली आणि बारा जीव गेले. आता नियम असा की तीन दिवस वाळवायचं, मग दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायचं, पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं, आणि नाकाला वास आला तर अजून एक दिवस.

१५ फेब्रुवारी

भांडं धुवून तयार, मोईना जगल्या, पण ४ मिलिमीटरमध्येही त्या पुढे-मागे जातातच. म्हणून त्यांना थांबवायच्या मागे लागलो. हा आठवडा त्यातच गेला.

आधी सोडा. सोड्यातल्या गॅसने हे जीव गुंगतात हे वाचलं होतं. स्टेशनजवळच्या गाडीवरून गोटी सोडा आणला, साधा, लिंबू-मीठ नसलेला. एका वाटीत पाच मोईना, थेंब थेंब सोडा. मिनिटभरात शांत झाल्या, पण अंगावर, हातांच्या केसांवर बारीक बुडबुडे चिकटले आणि त्या फुग्यासारख्या वर जाऊन पाण्याच्या पृष्ठभागावर आडव्या पडल्या. फोटोत नुसते बुडबुडेच चमकून राहिले. ताज्या पाण्यात टाकल्यावर पाचातल्या तीन शुद्धीवर आल्या, दोन नाही. सोडा बंद.

मग कापूस. पाण्यात कापसाचे दोन-चार तंतू सोडले की जीव त्यात अडून हळू होतात, ही जुनी युक्ती आहे. कापसाला आपल्याकडे काय तोटा, मामांच्या पारोळ्याच्या शेतातला घरात पडलेलाच होता. पण तो पाण्यात बुडतच नाही! शेतातून आलेल्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, तो पाण्यावर तरंगत राहतो. धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास उकळला, चार पाण्यांतून काढला, तेव्हा कुठे ओला झाला. मेडिकलमधून दहा रुपयांचा कापूस आणला असता तर हा वेळ वाचला असता.

कापसाने काम झालं, मोईना अडली, डोळा फोकसमध्ये आला, पहिला स्वच्छ डोळा. काळा, मधोमध, भोवती काचेच्या मण्यांसारखी किनार. पण तीन पटीवर कापसाचा एक तंतू दोरखंडासारखा दिसतो आणि ती त्या दोरखंडात हात मारून राहिली होती. मला तो फोटो पाहवला नाही. जीव बांधून ठेवल्यासारखा दिसतो, आणि तो तसाच होता. डिलीट केला.

१९ फेब्रुवारी

रात्री झोपताना लक्षात आलं की मी उलटीकडून काम करून राहिलो. मोईनाला थांबवायचं नाही, फट कमी करायची. तिचं अंग दोन्ही बाजूंनी चपटं असतं, भोपळ्याच्या बीसारखं. फट एवढी अरुंद केली की ती पोहू शकेल पण वळू शकणार नाही, तर ती कायम कॅमेऱ्याला कूसच दाखवेल, आणि मला कूसच पाहिजे होती.

सकाळी एकच पट्टी ठेवून दुसरं भांडं चिकटवलं. फट १.२ मिलिमीटर. यावेळी पाच दिवस थांबणार.

२४ फेब्रुवारी

जमलं. भांडं उभं ठेवायचं, आडवं नाही. उभ्या फटीत मोईना तिच्या नेहमीच्या चालीने वागते, एक उडी वर, मग हळूच खाली, परत उडी. त्या वर-खाली करतात पण पुढे-मागे होत नाहीत. ६० फोटोंत ९ फोकसमध्ये. बरणीत २१२ पैकी शून्य होते, लक्षात घ्या.

भांड्यात मोईना टाकताना ड्रॉपरचं टोक पाण्याच्या आत नेऊन मगच दाबा. वरून थेंब टाकला की हवा तिच्या कवचाखाली शिरते आणि ती वरच चिकटून बसते, मग खाली येत नाही. माझ्या चार अशा गेल्या. ड्रॉपरचं टोकही थोडं कापून रुंद करा.

२८ फेब्रुवारी

आज अडचण वेगळीच. फोकस बरोबर असूनही फोटो हलल्यासारखे येतात. आधी वाटलं ट्रायपॉड ढिला आहे, मग टेबलाखाली चार ठिकाणी रबर लावलं, मग टेबल बदललं. दोन संध्याकाळ यात गेल्या. शेवटी लाइव्ह व्ह्यू चालू ठेवून नुसता बसलो आणि स्क्रीनवर पट्टीच्या रेघा थरथरायला लागल्या, थोड्या वेळाने मालगाडीचा आवाज आला. आमचं घर रुळापासून दीडशे पावलांवर, भुसावळ जंक्शन, रात्रंदिवस गाड्या. अंगाला सवय झाल्यामुळे आम्हाला जाणवत नाही, पण तीन पटीवर जमिनीचा तो हादरा सगळा दिसतो.

गाड्या थांबणार नाहीत, म्हणून फ्लॅश. सेकंडहँड गोडॉक्स टीटी ६०० मिळाला, २,४०० रुपये. फ्लॅश सगळ्यात कमी ताकदीवर ठेवला की त्याचा चमकारा सेकंदाच्या हजारो भागांतला एक असतो, तेवढ्यात ना गाडी हलवू शकते ना मोईनाची उडी. पूर्ण ताकदीवर लावाल तर तो चमकारा लांबतो, मग काही उपयोग नाही. म्हणून ताकद कमी आणि फ्लॅश जवळ, एका वितीवर.

३ मार्च

सगळे फोटो काळे. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा छोटा फ्लॅश उडाला की गोडॉक्सने बघून उडायचं अशी जोडणी केली होती. डोळ्यांना दिसत होतं की दोन्ही उडतायत, तरी फोटोत काही नाही. दीड तासाने कळलं, छोटा फ्लॅश आपोआपवर होता आणि तो खऱ्या चमकाऱ्याआधी एक चाचणीचा चमकारा मारतो, गोडॉक्स त्यालाच उत्तर देऊन मोकळा होत होता. मेनूत जाऊन छोटा फ्लॅश मॅन्युअलवर केला, १/३२. झालं.

९ मार्च

आता उजेड. समोरून फ्लॅश मारला की मोईना पांढरी सपाट, खडूचा तुकडा. मागून सरळ मारला की अंग इतकं पारदर्शक की कडाच उरतात. भांड्याच्या मागे एक वीतभर अंतरावर काळं कार्डशीट उभं केलं, फ्लॅश मागून पण तिरपा, कार्डच्या बाजूने, आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलवर चांदीचा कागद. फ्लॅशच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर. काळ्या पार्श्वभूमीवर ती आतून उजळली.

आणि सोबत सगळं पाणी उजळलं. टबातलं यीस्ट (मोईनांचं खाणं), शेवाळाचे कण, धूळ, सगळं हिमवर्षावासारखं. काळ्या पार्श्वभूमीला ही किंमत आहे, जे काही पाण्यात आहे ते चमकणारच. आता तीन वाट्या मांडतो, तिन्हींत कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळलेलं मुरलेलं पाणी, मोईना एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, प्रत्येकीत दोन-दोन मिनिटं. नळाचं ताजं पाणी अजिबात नको, क्लोरीनने मरतात.

काचेवरचे पांढरे डाग ही वेगळी कटकट. आमच्या बोअरचं पाणी एवढं जड की एक थेंब वाळला तरी शिक्का उमटतो. भांडं शेवटी बॅटरीच्या पाण्याने धुवायचं, १ लिटर ३० रुपये, बरेच दिवस पुरतं. फक्त काच धुवायला, मोईना त्यात सोडायच्या नाहीत, त्यात क्षार नसल्याने त्यांना ते झेपत नाही.

१६ मार्च

खाण्याचा फोटोवर केवढा परिणाम होतो ते पाहून मला फार आनंद झाला. यीस्टवर वाढलेल्या मोईनाचं आतडं मळकट पांढरं, फोटोत अंगात विरून जातं. गच्चीवर उन्हात एक बादली शेवाळाचं हिरवं पाणी केलं होतं, त्यात काही मोईना रात्रभर ठेवल्या. सकाळी पाहतो तर डोक्यापासून शेपटापर्यंत हिरवी वळणदार रेघ, पोपटी, आत भरलेलं खाणं पुढे सरकताना दिसतं. आतडं दाखवायचं असेल तर आदल्या रात्री हिरव्या पाण्यात.

एका फ्रेममध्ये रिकामी मोईना सापडली, अंग नाही, आतडं नाही, फक्त काचेचं कवच आणि हातांचे केस. मेलेली समजून मी काढून टाकणार होतो. ती टाकलेली कात होती. एकेका केसाला फुटलेले बारीक केससुद्धा मोजता येतील असा तो फोटो आला, हलत नाही म्हणून सगळ्यात स्पष्ट तोच.

२३ मार्च

थोडं व्हिनेगर ईल आणि आर्टेमियाबद्दल (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे). ईल सोपे, बारीक धाग्यासारखे १-२ मिलिमीटर, त्याच फटीत व्हिनेगरसकट घातले, अर्ध्या तासात काम झालं. आर्टेमियाची अंडी खडे मिठाच्या पाण्यात, लिटरला २५ ग्रॅम, बाटलीत हवा सोडून ठेवली, पहिल्या रात्री लाइट गेली, पंप बंद, अंडी तळाला बसून राहिली आणि फार थोडी फुटली. दुसऱ्यांदा २८ तासांत नारिंगी ढग. ही पिल्लं अर्ध्या मिलिमीटरची आणि उजेडाकडे पळतात. बाजूने टॉर्च धरला तर सगळी एका कोपऱ्यात गर्दी करतात, काही दिसत नाही. टॉर्च भांड्याच्या मागे, लेन्सच्या बरोबर समोर, काळ्या कार्डला सुईएवढं भोक पाडून धरला, तर ती फ्रेमच्या मधोमध येतात.

८ एप्रिल

टब बसला, म्हणजे त्यातल्या मोईना मेल्या. बाहेर ४३, गच्चीवरच्या टबातलं पाणी दुपारी ३६. सकाळी पाणी दुधासारखं, वास, आणि तळाला जवळपास सगळ्या. उन्हापेक्षा चूक माझीच, आदल्या संध्याकाळी यीस्ट नेहमीएवढंच टाकलं. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, वरून न खाल्लेलं यीस्ट सडलं. उन्हाळ्यात यीस्ट अर्ध्यावर आणा, पाणी निवळल्याशिवाय परत टाकू नका.

जगलेल्या थोड्या मोईना लालसर दिसून राहिल्या होत्या. ऑक्सिजन कमी पडला की त्या अंगात हिमोग्लोबिन वाढवतात. काहींच्या पाठीवर पिल्लांच्या जागी तपकिरी खोगीर होतं, ही टिकाऊ अंडी, वाळली तरी पुढे पाण्यात फुटतात. तळाचा गाळ गाळणीने काढून वर्तमानपत्रावर सावलीत वाळवला आणि डबीत भरून ठेवला.

आईने जुना माठ दिला. तो भिजलेल्या बारदानात गुंडाळून जिन्याखाली ठेवला, त्यात हिरवं पाणी आणि उरलेल्या मोईना. आपली हवा कोरडी म्हणून माठ काम करतो. दुपारी तीनला बाहेर ४३ असताना माठात २९. बारदान दिवसातून तीनदा ओलं करायला लागतं, एवढंच.

१७ एप्रिल

माठातल्या भरपूर झाल्या. पण आता फटीतलं पाणीसुद्धा तापतं, दोन चमचेही नाही ते. मंगळवारी फोटोच्या नादात वीस मिनिटं ठेवल्या, चार मेल्या. आता मोबाईलवर पाच मिनिटांचा गजर, वाजला की फोटो कसाही असो, त्या माठात परत. काम सकाळी सहा ते आठ.

मायक्रोस्कोपची ४ पटीची ऑब्जेक्टिव्ह लेन्सही लावून पाहिली, जोडण्या धरून १,३५० रुपये. तपशील खरंच जास्त येतो, पण फोकसची जागा अजून पातळ, डोळा धरला तर पिशवी सुटते. हलणाऱ्या जिवाचे वेगवेगळ्या फोकसचे चार फोटो एकत्र जोडताही येत नाहीत. पूर्ण मोईनासाठी उलटी लेन्सच बरी, ऑब्जेक्टिव्ह फक्त डोळ्यासाठी. आतापर्यंतचा खर्च सगळा मिळून ५,००० च्या आत, त्यातला निम्मा फ्लॅशचा.

२६ एप्रिल

पहाटे साडेसहा. पुतणी सुट्टीला आलेली, ती आणि आई शेजारी बसलेल्या. पोट भरलेली एक मोठी मादी फटीत सोडली. पिशवीतल्या पिल्लांना अजून एकेक डोळा झालेला नव्हता, प्रत्येकाला दोन लालसर ठिपके, अगदी जवळ जवळ. ते दोन पुढे एकमेकांत मिसळून एक डोळा होतो. पुतणीने स्क्रीनवर बोट ठेवून मोजले, सात पिल्लं, चौदा ठिपके. मग व्हिडिओ लावला, पाठीकडे डोक्यामागे हृदय, पारदर्शक, मिटतंय उघडतंय. फ्रेम फ्रेम पुढे नेऊन मोजलं तर १० सेकंदांत ५१ ठोके. आई बराच वेळ पाहत होती, मग म्हणाली, "हाई एवढंसं शे, आन् याना जीव कसा धकधक करी ऱ्हायना."

गजर वाजला तेव्हा ती मादी फोकसमध्ये होती. तरी काढली, दुसरी मादी घेतली, हिच्या पिल्लांचे डोळे काळे झालेले. तिसऱ्या मिनिटाला तिने अंग मागे वाकवलं आणि पिशवीच्या मागच्या तोंडातून एक पिल्लू बाहेर आलं, लगेच हात मारत गेलं. मी बटण दाबत राहिलो, फ्लॅश कमी ताकदीवर असल्याने लागोपाठ उडत राहिला. २३ फ्रेम. १७ व्या फ्रेममध्ये मादीचा डोळा, हिरवं आतडं, पिशवीत उरलेली चार आणि अर्धं बाहेर आलेलं पाचवं, त्याच्या एका हाताचे केस अजून मिटलेले.

दोघींना आणि पिल्लांना माठात सोडलं. भांड्याला आज परत डाग पडलाय, बॅटरीचं पाणी संपलंय, उद्या आणायचं.